दातांच्या आतली बाजू

दाताच्या डॉक्टरणीकडून प्रस्तावना लिहून घ्यायची, हे लेखिकेच्या डोक्यात कुठून आलं देव जाणे. खाण्याच्या आजारांवरच्या पुस्तकाला मानसोपचारतज्ज्ञाची प्रस्तावना शोभली असती, गेला बाजार आहारतज्ज्ञाची. मी तसं फोनवर म्हटलंही. त्यावर ती म्हणाली, "ताई, लोक मनातलं सांगत नाहीत आणि पोटातलंही सांगत नाहीत. पण तुमच्या खुर्चीत बसलं की तोंड उघडावंच लागतं." यावर मला काही बोलता येईना.

तर मग एका उघडलेल्या तोंडापासूनच सुरुवात करते. साताऱ्यात दवाखाना सुरू करून मला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. एक आई बारावीतल्या मुलीला घेऊन आली. तक्रार साधी होती, गार पाण्याने दात आंबतात. मी आरसा आत घातला. वरच्या पुढच्या दातांची ओठांकडची बाजू ठणठणीत होती. जिभेकडची बाजू मात्र कुणी पॉलिशपेपरने घासून काढावी तशी गुळगुळीत आणि पातळ झालेली. दाढेत भरलेली जुनी चांदी भोवतालच्या दातापेक्षा उंच दिसत होती. धरणाचं पाणी ओसरलं की खडक वर येतात, तशी. मी विचारलं, "चिंचा, लिंबू फार खातेस का गं?" तिने मान हलवली. आई म्हणाली, "काही विचारू नका, आंबट म्हणजे जीव की प्राण!" मी आंबट कमी करायला सांगितलं, पेस्ट बदलून दिली. उठता उठता आई कौतुकाने म्हणाली, "अभ्यासाने पार वाळली होती हो. आता जरा गालावर मांस आलंय."

माझ्यासमोर तीन खुणा होत्या आणि मी तिन्ही चुकीच्या वाचल्या. चिंचा-लिंबाने दात झिजतात ते बहुधा बाहेरून. आतून झिजतात ते पोटातल्या आम्लाने. वारंवार उलटी झाली की जठरातलं आम्ल टाळ्याला लागून वरच्या दातांच्या मागच्या बाजूवर येतं. खालच्या दातांना जीभ पांघरूण घालते, म्हणून ते त्या मानाने वाचतात. पित्त वर येण्याचा जुना त्रास असला तरी असं होऊ शकतं, पण सतरा वर्षांच्या मुलीत पहिला संशय तो नसावा. चांदी आम्लात विरघळत नाही, दात विरघळतो, म्हणून ती बेटासारखी उभी राहते. आणि गालावरचं मांस हे मांस नव्हतंच. सतत उलट्या काढणाऱ्यांच्या कानाखालच्या लाळग्रंथी सुजतात आणि चेहरा भरल्यासारखा दिसतो. आईला जे बाळसं वाटलं, ती आजाराची सूज होती.

हे मला कळलं ते सहा-सात वर्षांनी, एका परिषदेत, जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या सत्रात. त्या मुलीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. ही प्रस्तावना लिहायला मी तयार झाले त्यामागे ती आहे.

या आजारांना मराठीत काय म्हणायचं, यावरून लेखिकेचं आणि माझं थोडं वाजलं. तिने "आहारविकार" हा शब्द वापरलाय. मला तो सरकारी पत्रकातला वाटतो, शिवाय त्यातून आहारात काहीतरी खोट आहे असा भास होतो. मी आपलं "खाण्याचे आजार" म्हणते. पण शब्दांची अडचण आपल्यापुरतीच नाही. "ॲनोरेक्सिया" या ग्रीक शब्दाचा अर्थ भूक नसणं. आपल्या आयुर्वेदात त्याच्या जवळचे अरोचक, भक्तद्वेष असे शब्द आहेत. पण ज्या आजाराला हे नाव चिकटलं, त्यात भूक नसते हे खरं नाही. निदान सुरुवातीला तरी कडकडून भूक असते आणि माणूस तिच्याशी रात्रंदिवस झुंजत असतो. जर्मन लोकांनी त्याला वाळण्याचं व्यसन अशा अर्थाचा शब्द केला, तो मला जास्त प्रामाणिक वाटतो. दुसऱ्या टोकाला आपल्याकडे "भस्म्या" आहे, "हावरट" आहे, "खा खा सुटली" आहे. यातला एकही शब्द आज दुखण्याचा म्हणून वापरला जात नाही, सगळे टोमण्याचे झाले आहेत.

आजार नवा नाही. १६८९ साली लंडनचा वैद्य रिचर्ड मॉर्टन याने क्षयावर लिहिलेल्या ग्रंथात दोन रुग्ण असे नोंदवले, की ज्यांना ताप नाही, खोकला नाही, पण अंगाचं पार चिपाड झालंय. एक अठरा वर्षांची मुलगी आणि दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. मुलगा लक्षात ठेवा, त्याच्याकडे शेवटी परत यायचंय. पुढे १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये चार्ल्स लासेग या दोघांनी स्वतंत्रपणे या आजाराचं वर्णन केलं. भरपूर खायचं आणि मग ते उलटीने किंवा जुलाबाच्या गोळ्यांनी बाहेर काढायचं, या प्रकाराला बुलिमिया हे नाव घेऊन वेगळं ओळखलं गेलं ते अगदी अलीकडे. जेराल्ड रसेल या लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९७९ मध्ये तीस रुग्णांवर निबंध लिहिला. घशात बोटं घालताना दात घासून बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडतात, त्या खुणेला आजही त्याचंच नाव आहे. म्हणजे हातावरही दातांचीच सही. आणि ठरावीक वेळात, ताबा सुटून, पोट दुखेपर्यंत खाणं आणि नंतर काहीच बाहेर न काढता फक्त लाजेने मरणं, याला अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती २०१३ मध्ये. सगळ्यांत जास्त माणसं याच प्रकारात मोडतात आणि सगळ्यांत कमी उपचार त्यांनाच मिळतात. कारण त्यांना पाहून कुणालाच आजार आठवत नाही, सल्ला आठवतो.

पुस्तकाची दोन प्रकरणं, शरीरावरचे परिणाम आणि मनावरचे परिणाम, लेखिकेने वेगवेगळी केली आहेत. वाचायला ते सोयीचं आहे. पण माझं म्हणणं असं, की या आजारात ती दोन प्रकरणं नसतातच. ते दाखवायला मिनेसोटाचा प्रयोग सांगावा लागेल. पुस्तकात तो दीड पानात उरकलाय. मी जरा ऐसपैस सांगते.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात लोक उपाशी मरत होते आणि त्यांना पुन्हा खातंपितं कसं करायचं याचं शास्त्र कुणाकडे नव्हतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. त्यांनी छत्तीस तरुण निवडले. हे सगळे सदसद्विवेकाने शस्त्र धरायला नकार दिलेले तरुण. लढायचं नाही पण कुणाच्या तरी उपयोगी पडायचं, म्हणून स्वतःहून आलेले. तपासून, पारखून घेतलेले, शरीराने धडधाकट आणि मनाने त्याहून. विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानातल्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोल्यांत त्यांची राहायची सोय होती. नोव्हेंबर १९४४ मध्ये प्रयोग सुरू झाला. आधी बारा आठवडे नेहमीचं जेवण, मग चोवीस आठवडे अर्धपोटी, दिवसाला दोनच जेवणं: बटाटे, सलगम, काळा पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला बावीस मैल चालायचं. वजनाचा सुमारे चौथा हिस्सा उतरला.

शरीराचं जे व्हायचं ते झालं. नाडी मंदावली, भर उन्हाळ्यात थंडी वाजायला लागली, पायांवर सूज आली, केस गळले, बसलं की हाडं टोचायला लागली. पण कीज यांच्या माणसांना चकित केलं ते वेगळ्याच गोष्टींनी. या तरुणांना राजकारणात, पुस्तकांत, मैत्रिणींत रस उरला नाही. बोलणं फक्त जेवणाचं. स्वप्नंही जेवणाची. पाककृतींची पुस्तकं ते कादंबरीसारखी वाचायचे, जमवायचे. ताटातलं जेवण दोन-दोन तास पुरवायचे, पाणी घालून वाढवायचे, ताट चाटून पुसायचे. च्युइंगम आणि कॉफी इतकी वाढली की त्यांवर बंधन घालावं लागलं. हसणं थांबलं. चिडचिड, उदासी, एकटं राहणं. काही जण चोरून खायचे आणि मग अपराधाने कोसळायचे. काहींना आपण बारीक झालोय असं वाटेना, बाकीची माणसंच विनाकारण जाड दिसायला लागली. प्रयोगाच्या अखेरीच्या टप्प्यात एकाने कुऱ्हाडीने स्वतःची बोटं तोडली, आणि ते चुकून झालं की मुद्दाम, हे त्याला स्वतःलाच नीट सांगता येईना. पोटभर जेवण परत मिळाल्यावरही गोष्ट संपली नाही. पोट फुगेपर्यंत खाऊनही भूक भागेना, असं कित्येक आठवडे, काहींच्या बाबतीत कित्येक महिने चाललं.

आता या छत्तीसांपैकी कुणालाही जाड होण्याची भीती नव्हती. कुणी सिनेमातल्या नटाचा फोटो आरशाला चिकटवला नव्हता. त्यांच्या आया त्यांना टोचून बोलल्या नव्हत्या. तरीही आज एखाद्या मुलीत जे जे पाहून आपण म्हणतो "हिच्या डोक्यात काय शिरलंय", त्यातलं निम्म्याहून अधिक त्यांच्या डोक्यात शिरलं, नुसत्या उपासमारीने. आपण समजतो की मन बिघडतं म्हणून खाणं बिघडतं. ते खरं आहेच. पण खाणं बिघडलं की तेच मन आणखी बिघडवतं, आणि मग कुठून सुरुवात झाली हे शोधायला गेलं तर हाताला चाकच लागतं, टोक लागत नाही. स्वयंपाकघरात तासन्‌तास उभं राहून घरच्यांना चारीठाव करून घालणारी, स्वतः मात्र "करता करता पोट भरलं" म्हणणारी मुलगी मी पाहिली आहे. तिच्या सुगरणपणाचं कौतुक करणारे पाहुणेही पाहिले आहेत. ते कौतुक ऐकताना मला त्या मैदानाखालच्या खोल्या आठवतात.

हे मुलींच्या फॅशनचं दुखणं आहे, असं समजणाऱ्यांसाठी एक आकडा देते. २०११ साली छत्तीस अभ्यास एकत्र करून मांडलेल्या हिशेबात, ॲनोरेक्सियात त्या वयाच्या इतर लोकांच्या तुलनेत मृत्यूचं प्रमाण पाचपटीहून जास्त निघालं आणि मृत्यू पावलेल्या दर पाचांतला एक आत्महत्येने गेला होता. उरलेल्यांत बरेच हृदयाने जातात. उपाशी शरीर घरातलं सामान विकून दिवस काढावेत तसं स्वतःचे स्नायू खातं आणि हृदय हाही स्नायूच आहे. उलट्यांनी आणि जुलाबाच्या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम घटतं, ठोक्यांची लय त्याच्यावर चालते. वाईट भाग असा की पोटॅशियमचा आकडा आज बरा आणि परवा धोक्याचा असू शकतो, त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल आहेत" या वाक्याला इथे फार अर्थ नसतो. कॅरन कार्पेंटर या अमेरिकन गायिकेचा आवाज आमच्या पिढीतल्या काहींनी रेडिओवर ऐकला असेल. ती फेब्रुवारी १९८३ मध्ये बत्तिसाव्या वर्षी हृदय बंद पडून गेली, तेव्हा कुठे हा आजार वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला.

पण आमच्याकडे माणसं हृदयाची तक्रार घेऊन येत नाहीत. कुणाची पाळी बंद झालेली असते. त्यामागचं कारण सरळ आहे: मेंदू बघतो की घरात दाणा नाही, मग पुढच्या पिढीची तयारी तो गुंडाळून ठेवतो. ती मुलगी बायकांच्या डॉक्टरकडे जाते, बहुतेकदा पीसीओडीचा शिक्का बसतो, गोळ्या मिळतात, त्यांनी महिन्याच्या महिन्याला रक्त जातं आणि घर निर्धास्त होतं. गोळीने आणलेल्या पाळीने हाडं मात्र वाचत नाहीत. हाडांची ठेव आपण विशीच्या आसपास पुरी करून टाकतो, नंतर आयुष्यभर फक्त खर्च. ठेव भरण्याच्या नेमक्या वर्षांत उपास घडला तर पंचविशीत साठीची हाडं मिळतात. कुणाचं पोट फुगतं, दोन घासांत भरतं, कारण उपाशी जठर सुस्तावलेलं असतं. तो माणूस पित्ताच्या गोळ्या घेत दुर्बिणीच्या तपासणीपर्यंत जातो. कुणाचे केस गळतात, अंगावर मऊ लव येते, म्हणून तेल बदललं जातं. कुणाची नाडी पंचेचाळीसवर असते आणि खेळाडू आहे म्हणून शाबासकी मिळते. प्रत्येक डॉक्टरकडे एक तुकडा असतो. माझ्याकडे दाताचा होता.

आपल्याकडे हा आजार नाहीच, असं एके काळी छातीठोकपणे सांगितलं जायचं. १९९५ मध्ये दिल्लीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पाच तरुण स्त्रियांची हकिकत छापली. खाणं टाळणं, सततच्या उलट्या, वजन उतरणं, पाळी थांबणं, सगळं होतं. नव्हती ती एक गोष्ट: आपण जाड आहोत असं त्या म्हणत नव्हत्या. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनाही त्याच सुमाराला असे रुग्ण दिसले. पोटात जागा नाही, जेवावंसंच वाटत नाही, असं सांगणारे. पाश्चात्त्य पुस्तकातली जाडीची भीती शोधत बसलेल्या डॉक्टरला असे रुग्ण दिसतच नाहीत. आमच्या भागातल्या पोरी "मला बारीक व्हायचंय" म्हणतील कशाला? "पित्त झालंय" म्हटलं की भागतं. आणि त्यांना स्वतःलाही ते पित्तच वाटत असतं.

फिजी बेटांचं उदाहरण लेखिकेने फार चांगलं मांडलंय. तिथे अंगाने भरलेली बाई म्हणजे चांगल्या घरची, माया मिळालेली. आपल्या "खात्या घरची"चंच सख्खं भावंड. १९९५ मध्ये तिथल्या नाद्रोगा भागात टेलिव्हिजन आला. ॲन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींना विचारलं. वजनासाठी उलट्या काढतो असं पहिल्या वेळी एकीनेही सांगितलं नव्हतं; तीन वर्षांनी ११.३ टक्के मुलींनी सांगितलं. तरी सगळा दोष पडद्यावर टाकून मोकळं होता येत नाही. तोच पडदा सगळ्याच पाहत होत्या. २०१९ मध्ये सुमारे सतरा हजार ॲनोरेक्सियाच्या रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठ जागा सापडल्या, आणि धागे केवळ मनोविकारांकडे नव्हे तर चयापचयाकडेही जाताना दिसले. म्हणजे काहींचं शरीर उपाशी राहण्याच्या उतारावर इतरांपेक्षा सहज घसरतं. पहिला धक्का डाएटचा असेल, तापाचा असेल, परीक्षेचा असेल.

किंवा उपासाचा. इथे मला जपून लिहायला हवं. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र, सोळा सोमवार. ही यादी म्हटली तर महिन्याचे निम्मे दिवस झाकून टाकते. उपासामुळे हा आजार होतो असं मी म्हणत नाही. आपली एकादशी तर दुप्पट खायची म्हणूनच प्रसिद्ध. पण आजाराला लपायला इतकी सुरेख जागा दुसरी नाही. ताट नाकारणारी मुलगी घरात वादळ उठवते. उपास धरणारी मुलगी आजीचा आशीर्वाद मिळवते. मला स्वतःला फरक ओळखण्याची एक खूण सापडली आहे, पुस्तकात ती नाही. व्रताला पारणं असतं. उपास सुटायचा क्षण ठरलेला असतो आणि घरातलं लहान पोरसुद्धा त्या क्षणाकडे डोळे लावून बसतं. ज्या माणसाला पारण्याची धास्ती वाटते, चंद्रोदय झाला तरी "आता भूकच मेली" म्हणून जो पाट टाळतो, त्याचा उपास देवासाठी चाललेला नसतो.

सात-आठ वर्षांपूर्वी महाराष्ट्रात दोन वेळा जेवायचं की दर दोन तासांनी, यावर घराघरांत पक्ष पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित की ऋजुता दिवेकर, असा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही विचारला जायचा. त्या वादात मला पडायचं नाही. दोघांचंही म्हणणं मोठ्या माणसांच्या पोटाच्या घेराबद्दल आणि साखरेबद्दल होतं. माझं लक्ष त्या पंगतीत बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीकडे होतं. मोठी माणसं दिवसभर खाण्याचे तास मोजताना आणि एकमेकांच्या पोटाकडे बघून हसताना ती ऐकत होती.

उपचारांवरची प्रकरणं हा पुस्तकाचा सर्वांत भक्कम भाग आहे. लासेगने १८७३ मध्येच लिहून ठेवलंय की घरच्यांकडे दोनच हत्यारं असतात, विनवण्या आणि धमक्या, आणि दोन्ही बोथट होईपर्यंत ती चालवली जातात. "माझ्यासाठी एक घास" पासून "नाही जेवलीस तर मीही जेवणार नाही" पर्यंतचा हा प्रवास मराठी घरांना नवा नाही. गल यांचं मत तर असं, की अशा रुग्णाची शुश्रूषा करायला नातेवाईक सर्वांत वाईट. शंभर वर्षांनी लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयात गाडी उलट्या दिशेने वळली. तिथल्या मंडळींनी पौगंडावस्थेतल्या रुग्णांच्या आईवडिलांनाच उपचाराचा कणा केलं. दोष कुणाचा हे विचारायचं नाही. मूल स्वतः खाऊ शकत नाही तोवर काय आणि किती खायचं हे आईवडिलांनी ठरवायचं, शांतपणे, रोज, दर जेवणाला. अन्न हे औषध, आणि औषधाबद्दल घासाघीस करायची नसते. लहान वयाच्या, आजार फार जुना न झालेल्या मुलांना याचा चांगला उपयोग होतो. मोठ्यांसाठी आणि बुलिमियासाठी विचार आणि वागणूक यांवर एकत्र काम करणारी मानसोपचाराची पद्धत आहे, तिचंही प्रकरण वाचावं.

एका ठिकाणी मात्र मला लेखिकेने जास्त ओरडून सांगायला हवं होतं. फार खंगलेल्या माणसाला घरच्या घरी एकदम तूप-शिरा-लाडू चारणं जीवघेणं ठरू शकतं. महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले कित्येक बंदी मुबलक जेवण मिळाल्यावर दगावले. भुकेल्या शरीरात अचानक पिष्ट आलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय चालायला लागणाराच माल बाजारातून नाहीसा होतो. म्हणून पहिले दिवस रुग्णालयात, रक्त तपासत, बेताबेताने. आईच्या प्रेमाला इथे थोडा दम खावा लागतो. कुठे जावं हेच सुचत नसेल त्यांच्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन आहे, तो मराठीतही बोलतो. छातीत धडधड, चक्कर, शुद्ध हरपणं असेल तर मात्र फोनवर बोलत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं.

पुस्तकात रुग्णांचं वजन, कॅलरींचे आकडे, आधीचे-नंतरचे फोटो कुठेच नाहीत. परीक्षकांना ते खटकेल. ज्याला हा आजार आहे तो असं पुस्तक आकड्यांसाठी वाचतो आणि त्या आकड्यांशी पैज लावतो, हे लेखिकेला माहीत आहे, म्हणून तिने ते गाळलेत. मीही या प्रस्तावनेत तेच पथ्य पाळलंय.

बरं होतं का, हा प्रश्न दर वेळी येतो. अमेरिकेत काही रुग्णांच्या मागे संशोधक दोन दशकांहून जास्त काळ राहिले. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांपैकी नऊ वर्षांनी एकतृतीयांशही बरे झाले नव्हते. बावीस वर्षांनी जवळजवळ दोनतृतीयांश बरे झालेले होते. नऊ वर्षांच्या मुक्कामावर थांबून जे हताश झाले असतील त्यांच्यासाठी हा दुसरा आकडा मोठ्या टायपात छापायला हवा होता. हृदय सावरतं, पाळी परत येते, मेंदूचा आक्रसलेला भाग बराचसा भरून येतो. हाडं थोडी उधारी ठेवतात. दाताचं कवच परत येत नाही. तिथे आम्ही फक्त डागडुजी करतो, आणि उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरा, एवढं सांगतो. हा सल्ला उलटी चालू राहणार असं गृहीत धरतो म्हणून एका सहकाऱ्याला तो पटत नाही. मला पटतो. दवाखान्यात आलेल्या माणसाला आधी परत यावंसं वाटलं पाहिजे.

आता मी सोबतच्या माणसाला बाहेर बसायला सांगते आणि मग विचारते. गेल्या मार्गशीर्षात एकोणीस वर्षांचा मुलगा आला होता. व्यायामशाळेत जाणारा, दंड चांगले कमावलेले, गाल भरलेले. "मॅडम, दात आंबतात." मी आरसा घातला, आतली बाजू पाहिली, आरसा बाहेर काढला आणि खुर्ची सरळ केली. झोपलेल्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत. म्हटलं, "उलट्या होतात का, की काढाव्या लागतात?" तो बराच वेळ समोरच्या दिव्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "स्पर्धेच्या आधीच फक्त." आणि थोड्या वेळाने, "आता स्पर्धा नसली तरी." मी त्याला हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढायला हवा असं सांगितलं, रक्त तपासायला हवं, आणि शहरातल्या एका मानसोपचारतज्ज्ञाचं नाव कागदावर लिहून दिलं. त्याने कागदाची चौपदरी घडी केली, खिशात ठेवली, परत काढली.

"दाताला मनाचा डॉक्टर कशाला, असं बाबा विचारतील," तो म्हणाला. "त्यांना तुम्ही सांगाल? पण आजच नको. आज मी फक्त तो आलेख काढून येतो. तो कुठे काढतात?"